समुद्री जिवांपासून कॅन्सरची औषधं : रेणू सापडला, पुढे काय?

रसायनीकर

परवा नातेवाइकांच्या ग्रुपवर "समुद्रात सापडला कॅन्सरवर रामबाण उपाय" असं ढकलपत्र आलं. सोबत निळंशार पाणी आणि एक कासव. कासवाचा काय संबंध ते विचारू नका.

असल्या ढकलपत्रांत नेमका महत्त्वाचा भाग गाळलेला असतो. कॅन्सरच्या पेशी मारणारे रेणू समुद्री जिवांत सापडणं ही आता बातमी राहिलेली नाही. प्रयोगशाळेतल्या ताटलीत पेशी मारणारे रेणू ढिगाने सापडलेत. पेशंटच्या शिरेत जाईपर्यंत त्यातले अगदी मोजके टिकले. मी औषध कंपनीत प्रोसेस केमिस्ट आहे. दुसऱ्याने शोधलेला रेणू किलोच्या हिशेबात बनवून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे "माल आणायचा कुठून?" हाच भाग मला सगळ्यात आवडतो, आणि त्यावरच लिहितो.

सोपं उदाहरण आधी. येल विद्यापीठातले वेर्नर बर्गमन १९४५ च्या सुमारास फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचा एक स्पंज (समुद्रतळाला चिकटून राहणारा साधा प्राणी) तपासत होते. त्यात त्यांना डीएनएच्या घटकांसारखेच, पण वेगळी साखर असलेले न्यूक्लिओसाइड मिळाले. रायबोजच्या जागी अराबिनोज. फरक केवढा, तर एका ओएच गटाची दिशा उलटी. पण पेशी डीएनएची नक्कल करताना असा घटक गळ्यात पडला की साखळी पुढे सरकत नाही. या नमुन्यावरून रसायनशास्त्रज्ञांनी सायटाराबिन बनवलं आणि १९६९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ब्लड कॅन्सरच्या एका प्रकारात, एएमएलमध्ये, आजही पहिल्या फळीतलं औषध तेच आहे. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. रेणू छोटा, बनवायला सोपा, त्यामुळे स्पंजाची गरज पहिल्या दिवसापासून संपली.

आता अवघड उदाहरण, म्हणजे एरिब्युलिन. १९८६ मध्ये जपानच्या हिराता आणि उएमुरा यांनी हॅलिकॉन्ड्रिया ओकादाई या स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन बी नावाचं रसायन वेगळं केलं. ६०० किलो स्पंज, हाती आलं १२.५ मिलिग्रॅम. पण ते कॅन्सरच्या पेशींवर इतकं जहाल निघालं की सोडवेना. मग न्यूझीलंडच्या कायकौरा गावाजवळ, सुमारे १०० मीटर खोलीवर, तोच रेणू असलेला दुसरा एक स्पंज मिळाला. तो जरा बरा: १ टनातून सुमारे ३०० मिलिग्रॅम. माणसांवरच्या चाचण्यांना साधारण १० ग्रॅम लागतील असा अंदाज होता. गुणाकार करा, तीस-पस्तीस टन झाले. आणि तिथे तो स्पंज एकूण ३०० टनांच्या आतबाहेरच होता. म्हणजे चाचण्यांतच दहावा हिस्सा खलास, आणि औषध बाजारात आलं की उरलेला.

इथे हार्वर्डचे योशितो किशी येतात. त्यांच्या गटाने १९९२ मध्ये हा राक्षसी रेणू शून्यापासून बनवला. बनवताना मधले तुकडे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत तपासायला दिले, तेव्हा कळलं की मारण्याची ताकद रेणूच्या उजव्या अर्ध्या भागात आहे! डावा अर्धा टाकून दिला तरी चालतं. मग एसाई या जपानी कंपनीने त्या अर्ध्या भागाच्या सुमारे २०० सुधारित आवृत्त्या करून पाहिल्या, त्यातली एक निवडली, तीच एरिब्युलिन, आणि २०१० मध्ये पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी तिला मान्यता मिळाली.

"अर्धा" म्हणजे सोपा असं समजू नका. कारखान्यात ६२ टप्पे लागतात. रेणूत १९ जागा अशा आहेत की तिथली रचना डावी की उजवी याने सगळं बदलतं. २ चा १९ वा घात करून बघा: ५,२४,२८८ शक्यता, त्यातली एकच हवी. शिवाय सलग ३० टप्पे धरले आणि प्रत्येकाला ९० टक्के यील्ड (म्हणजे हाती येणारा माल) दिला (आमच्याकडे ९० आला की पेढे वाटतात), तरी शेवटी शंभरातले चारच उरतात. म्हणून तुकडे वेगवेगळे बनवून उशिरा जोडायचे. निव्वळ रासायनिक पद्धतीने कारखान्यात बनणाऱ्या औषधांत इतकं किचकट दुसरं सांगा म्हटलं तर मला पटकन सांगता येणार नाही.

ट्रॅबेक्टेडिन या तिसऱ्या समुद्री औषधाबद्दल प्रतिसादात लिहितो, बोटं दुखली.

उनाड_पोर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पण प्रश्न खराच आहे. एका जागी चिकटून बसलेला स्पंज आमच्या कॅन्सरची काळजी का करेल? त्याला हे विष कशाला लागतं?

सॅन_डिएगोत_सध्या

@उनाड_पोर, आपली काळजी तो करतच नाही. चिकटून बसलाय हेच कारण. पळता येत नाही, कवच नाही, दात नाहीत. मासा लचका तोडायला आला किंवा शेजारचा प्राणी अंगावर पसरायला लागला तर रसायन हा एकच उपाय. आणि पाण्यात सोडलेलं रसायन लगेच विरळ होतं, म्हणून जे टिकलं ते अतिशय कमी मात्रेत काम करणारं. पेशींची वाढ थांबवणं हा शत्रूला रोखायचा जुना मार्ग आहे, आणि कॅन्सरमध्ये आपल्याला तेवढंच हवं असतं.

यातली खरी गंमत वेगळीच आहे: बऱ्याचदा हे रसायन तो प्राणी बनवतच नाही. त्याच्या अंगात राहणारे जिवाणू बनवतात. रसायनीकरांचं ट्रॅबेक्टेडिन समुद्री पिचकारीत, म्हणजे ट्युनिकेटमध्ये, सापडलं, पण बनवणारा आत राहणारा जिवाणू आहे. ब्रायोस्टॅटिन या दुसऱ्या एका रेणूचंही तसंच. बंदरात दोरांवर, बोटींच्या तळाला तपकिरी झुबके येतात त्या जातीच्या प्राण्यात ते मिळालं. राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १४ टन गोळा केले, निघाले १८ ग्रॅम. तेवढ्यावर चाचण्यांवर चाचण्या झाल्या आणि कॅन्सरमध्ये उपयोग दिसला नाही. तो जिवाणू प्राण्याबाहेर वाढवता आला नाही ही रड वेगळीच.

म्हणून आमच्या क्षेत्रातले बरेच लोक प्राण्यांऐवजी थेट गाळातल्या जिवाणूंकडे वळले. इथल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेच्या फेनिकल आणि जेन्सन यांनी बहामाजच्या गाळातून सॅलिनिस्पोरा मिळवला. त्यातलं सॅलिनोस्पोरामाइड ए टाकीत वाढवून बनवता येतं, खाऱ्या पाण्यात. मालाचा प्रश्न सुटला. तरी मेंदूच्या गाठीवरच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ते नापास झालं.

रसायनीकर

@सॅन_डिएगोत_सध्या, शेवटचं वाक्य मूळ धाग्यातच यायला हवं होतं, इतकं नेमकं आहे.

तर ट्रॅबेक्टेडिन. कॅरिबियनमध्ये खारफुटीच्या बुडत्या मुळांना नारिंगी पारदर्शक घोस लागतात, तो हा प्राणी. त्याचा अर्क पेशी मारतो हे १९६९ मध्येच दिसलं होतं. पण आतला रेणू नक्की कसा आहे हे कळायला १९९० उजाडलं, इतका तो कमी. १ टनामागे साधारण १ ग्रॅम. स्पेनच्या फार्मामार कंपनीने समुद्रात या प्राण्याची चक्क शेती करून पाहिली. १९९६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ ई. जे. कोरी यांनी पूर्ण संश्लेषण केलं, म्हणजे रेणू शून्यापासून बनवला. विद्वत्ता अफाट, पण कारखान्याला न परवडणारं. तोडगा भलत्याच ठिकाणाहून आला. स्यूडोमोनास फ्लुओरेसन्स नावाचा साधा जिवाणू टाकीत वाढवला की सायनोसॅफ्रॅसिन बी मिळतं, आणि त्याचा सांगाडा ट्रॅबेक्टेडिनशी बराच जुळतो. उरलेलं काम रसायनशास्त्राने करायचं. २००० साली हा मार्ग जाहीर झाला, २००७ मध्ये युरोपात मऊ ऊतींच्या सार्कोमासाठी (स्नायू, चरबी वगैरेंच्या कॅन्सरसाठी) मान्यता, २०१५ मध्ये अमेरिकेत.

रेणू सापडल्यापासून औषध येईपर्यंत माणसाची अख्खी नोकरी होते. त्यातली बरीच वर्षं माल कसा बनवायचा यातच.

शंकासुर

लेख उत्तम, मेहनत दिसते. पण कौतुकाच्या भरात एक आकडा राहिला. एरिब्युलिनच्या ज्या मोठ्या चाचणीवर मान्यता मिळाली तिच्यात मध्यम आयुष्य (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो आकडा) एरिब्युलिनवर १३.१ महिने आणि इतर उपचारांवर १०.६ महिने होतं. म्हणजे अडीच महिने. ६२ टप्पे, पंचवीस वर्षं, टनावारी स्पंज, आणि पदरात अडीच महिने? त्यात भारतातल्या पेशंटला ते परवडतंय का, हा प्रश्न तर कुणी काढलाच नाही.

सिस्टरताई

नेहमी वाचनमात्र असते, आज लिहिते. मी केमो डे-केअरमध्ये काम करते, यातली काही औषधं रोज हाताळते.

@शंकासुर, अडीच महिने हे मधले आहेत हो. त्या चाचणीतल्या बायकांचे आधीच दोन-तीन-चार प्रकारचे केमो होऊन गेलेले होते. अशा पेशंटमध्ये "पुढे काय" याचं उत्तरच नसतं. आणि एरिब्युलिन द्यायला सोपं आहे: दोन ते पाच मिनिटांत शिरेतून, पहिल्या आणि आठव्या दिवशी, मग एकविसाव्या दिवसापर्यंत सुट्टी. सकाळच्या एसटीने आलेली बाई दुपारच्या एसटीने परत जाऊ शकते. पांढऱ्या पेशी पडतात, हातापायांना मुंग्या येतात, चपला पायातून निसटल्या तरी कळत नाही म्हणतात. त्रास नाही असं मी म्हणत नाही. परवडण्याबद्दल तुमचं बरोबर. योजनेत बसलं तर ठीक, नाहीतर नातेवाईक दागिन्यांकडे बघतात.

ट्रॅबेक्टेडिन उलट. सार्कोमाला चोवीस तास हळूहळू, मोठ्या शिरेतल्या लाइनमधून, आधी स्टेरॉइड देऊन. एक रात्र वॉर्डातच.

आणि ते पहिलं स्पंजवालं, सायटाराबिन. मोठ्या डोसचं सायटाराबिन चालू असतं तेव्हा आम्ही प्रत्येक डोसआधी पेशंटला वहीत सही करायला लावतो. रोज, त्याच वहीत, आधीच्या सहीखाली. औषध लहान मेंदूला त्रास देतंय का हे कळायची ही एक खूण. सही वाकडी झाली, अक्षर थरथरलं, की डोस थांबवून आधी डॉक्टरांना बोलवायचं. बोट नाकाला लावायला सांगतो, सरळ रेषेत चालवतो. डोळ्यांत स्टेरॉइडचे थेंब घालतो, नाहीतर डोळे लालभडक होतात. एक आजोबा आमच्यावर रागावले होते, "बँकेतसुद्धा एवढ्या सह्या मागत नाहीत" म्हणून.

निवांत_बसलोय

सिस्टरताई, तुम्ही आलात म्हणून विचारतो. माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे. शेजारच्या एका गृहस्थांनी "समुद्री शेवाळाचं फुकॉइडन" म्हणून पावडरचा डबा आणून दिलाय, बराच महाग. वर शार्कच्या कूर्चेच्या गोळ्या घ्या म्हणतात, कारण म्हणे शार्कला कॅन्सर होत नाही. धागा वाचून वाटलं, समुद्रातून खरंच औषधं येतात, मग हे पण द्यावं का?

सिस्टरताई

डबा घेऊन मावशींच्या डॉक्टरांकडे जा, आजच. लपवून देऊ नका. फुकॉइडनचा गुण हेपरिनसारखा आहे, रक्त पातळ करण्याकडे जातो. केमोने प्लेटलेट पडलेल्या असताना ते नकोच. समुद्री शेवाळात आयोडीनही भरपूर असतं, थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा.

रसायनीकर

शार्कचं मी सांगतो. शार्कला कॅन्सर होतो, गाठी झालेले शार्क नोंदवलेले आहेत. तरीही त्या समजुतीवर अमेरिकेत मोठा धंदा उभा राहिला. शेवटी कूर्चेच्या अर्कावर फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये रीतसर तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली, अर्क घेणारे आणि न घेणारे, दोन गट. २०१० मध्ये निकाल छापून आला: आयुष्यात काहीही फरक नाही.

आणि निवांतभाऊ, वर जी औषधं लिहिलीत त्यातलं एकही कुणी समुद्रातला प्राणी वाळवून, कुटून बनवलेलं नाही. मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात. त्याच स्पंजाची पावडर खाल्ली तर त्यात औषध किती आणि बाकी काय काय, याला काही धरबंधच नाही.

वायरीचो झील

मी मालवणचो. ह्यो धागो वाचून खडपार जावची इच्छा झाली.

सुक्या ओहोटीला आमच्याकडे खडपातल्या डबक्यांत एक मऊ, लिबलिबीत, शेंबडासारखा प्राणी दिसतो. वर दोन कान असल्यासारखी शिंगं. हातात घेतला की जांभळा रंग सोडतो, डबक्यातलं पाणी जांभळं आणि हातही. लहानपणी एकमेकांच्या शर्टाला पुसायचो आणि घरी मार खायचो. इंग्रजीत त्याला समुद्री ससा म्हणतात असं नंतर कळलं. कॅन्सरच्या औषधात त्याचं नाव ऐकलंय. खरं काय ते सांगा.

रसायनीकर

शंभर टक्के खरं, आणि हिंदी महासागराशी संबंध असलेली हीच गोष्ट. ॲरिझोनाचे जॉर्ज पेटिट यांच्या गटाने १९७२ मध्ये मॉरिशसजवळून डोलाबेला ऑरिक्युलेरिया जातीचे समुद्री ससे गोळा केले. आतला रेणू, डोलास्टॅटिन १०, पूर्ण उलगडून छापायला १९८७ उजाडलं. टनभर सशांतून काही मिलिग्रॅम.

पुढे ते माणसांवर वापरलं तर नापास झालं. कारण साधं: कॅन्सरच्या पेशी मरतील एवढा डोस दिला तर पेशंटला झेपेना, आणि झेपेल एवढा दिला तर गाठ हलेना. कुणीही इथे फाइल बंद केली असती. पण त्याच रेणूचा थोडा बदललेला भाऊ, एमएमएई, काही लोकांनी अँटिबॉडीला जोडला. अँटिबॉडी रक्तातून फिरत फक्त सीडी३० हे प्रथिन असलेल्या पेशींना चिकटते, हॉजकिन लिंफोमा या लसीका-गाठींच्या कॅन्सरच्या पेशींवर ते भरपूर असतं. पेशी तिला आत ओढून घेते, तिथलं एन्झाइम जोडणी तोडतं आणि विष आतल्या आत सुटतं. ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन, २०११. नावात "व्हेडोटिन" दिसलं की समजायचं यात समुद्री सशाची वंशावळ आहे. पोलाटुझुमॅब, एनफोर्टुमॅब, टिसोटुमॅब, सगळ्यांच्या मागे हे आडनाव आहे. डावलला गेलेला रेणू दुसऱ्याच्या खांद्यावर बसून परत आला, आणि माझ्या मते समुद्री औषधांची सगळ्यात मोठी कमाई हीच आहे.

सॅन_डिएगोत_सध्या

पुरवणी: ससासुद्धा ते बनवत नाही! तो सायनोबॅक्टेरिया (उन्हावर अन्न बनवणारे जिवाणू) चरतो, रेणू त्यांचा. २००१ मध्ये पलाऊच्या सिम्प्लोका नावाच्या सायनोबॅक्टेरियात थेट डोलास्टॅटिन १० सापडलं.

शंकासुर

मॉरिशस झालं, न्यूझीलंड झालं. अकरा हजार किलोमीटरचा किनारा असलेल्या आपल्या देशाचं काय? आपण कुठे आहोत?

दोनापावला_निवृत्त

या विषयावर काही वर्षं पोट भरलं आहे, म्हणून लिहितो. "समुद्रातून औषधे" हा राष्ट्रीय प्रकल्प १९९० च्या दशकात जोरात होता. पैसा केंद्राच्या तेव्हाच्या महासागर विकास विभागाचा, समन्वय लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेकडे (सीडीआरआय), आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसह अनेक संस्था त्यात. स्पंज, मऊ प्रवाळ, शेवाळ गोळा करायचे, मिथेनॉलमध्ये भिजवायचे, अर्क काढून तपासणीला पाठवायचे. शोधनिबंध भरपूर झाले. भारतीय किनाऱ्यावरच्या जिवापासून कॅन्सरचं औषध मात्र बाजारात आलं नाही.

कारणं विचाराल तर पैसा हे एकच नाही. नमुन्याला अर्कात गुण दिसला की तोच प्राणी पुन्हा, जास्त प्रमाणात आणावा लागतो. पावसाळ्यात चार महिने किनारा बंद. पुढच्या हंगामात त्याच जागी गेलात तर प्राणी तोच, पण रसायन नाही. कारण वर सॅन डिएगोवाल्यांनी सांगितलं, बनवणारा पाहुणा बदललेला असतो. आणि स्पंजाची जात नेमकी ओळखणारी माणसं देशात बोटांवर मोजण्याइतकी. ओळखच पक्की नसेल तर पुन्हा आणणार काय? तिसरं, आमच्याकडून मिलिग्रॅम निघायचे आणि रसायनीकरांसारख्यांकडे ते पोचायचेच नाहीत. प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यामध्ये फोन उचलणारं कुणी नव्हतं.

रसायनीकर

काका, फोन आला असता तर आमच्या साहेबांनी पहिला प्रश्न "बाजार किती कोटींचा?" हाच विचारला असता. दोष एकट्या प्रयोगशाळेचा नाही.

वायरीचो झील

मग आमच्या डबक्यातला ससा कुणाला द्यायचा असेल तर? सॅन डिएगोवाल्यांना कुरिअर करू का?

कायदेपंडित

थांबा थांबा! जैवविविधता कायदा, २००२. संशोधनासाठी इथला जैविक नमुना परदेशी व्यक्तीला किंवा संस्थेला द्यायचा तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. शिवाय मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्या हद्दीतला प्राणी उचलायचा तर वनखात्याचीही. हा कायदा उगाच नाही. उद्या त्या सशातून काही निघालं तर मालवणच्या पदरात काय पडणार, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

सॅन_डिएगोत_सध्या

झीला, कृपा करून पाठवू नकोस, माझा व्हिसा जाईल.

वायरीचो झील

पाठवणंय नाय. फोटो चलात मा?

सॅन_डिएगोत_सध्या

फोटो पळेल. बाजूला एक रुपयाचं नाणं ठेव, आकार कळायला, आणि मागून काढ. डोलाबेलाचा मागचा भाग सुरीने तिरका कापल्यासारखा सपाट असतो, रंग हिरवट-तपकिरी, अंगावर बारीक गाठी. मागून निमुळता आणि गुळगुळीत असेल तर तो दुसरा ससा, ॲप्लिजिया. जांभळा रंग दोघंही सोडतात, त्यावरून ठरवू नकोस. पुढची मोठी ओहोटी अमावास्येला असेल.